संसदेची कृषी समिती : घडण, नेतृत्व आणि कामकाज

डिसेंबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून एक वार्ता ठळकपणे प्रसिद्ध झाली. संसदेच्या कृषी समितीने पंतप्रधान किसान सन्मान निधीची वार्षिक रक्कम ६,००० रुपयांवरून १२,००० रुपये करावी आणि किमान आधारभूत किमतीस कायद्याची हमी द्यावी, अशी शिफारस केली होती. ‘संसद’, ‘समिती’ आणि ‘१२,०००’ हे शब्द एकाच ओळीत वाचल्यावर रक्कम वाढलीच, असा समज होणे स्वाभाविक आहे. पुढे फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्प आला. त्यात ही रक्कम वाढविलेली नव्हती. तेव्हा ही समिती म्हणजे नुसते चर्चामंडळ, असा दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष निघू लागतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. समितीस हुकूम सोडण्याचा अधिकार नाही हे खरे. परंतु तिच्यापुढे खात्याच्या सचिवास कागदपत्रांसह उपस्थित राहावे लागते व उत्तरे द्यावी लागतात, हेही तितकेच खरे. समिती कशी बनते, तिचे नेतृत्व कोण करतो आणि सामान्य पशुपालकास वा शेतकऱ्यास तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचता येते, हे समजून घेतल्यास अशा वार्तांचा खरा अर्थ कळू शकेल.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील दिंडोशी हे यासाठी चांगले उदाहरण आहे. आज हे नाव उच्चारताच इमारतींच्या रांगा आणि वाहनांची वर्दळ डोळ्यांपुढे येते. शेतीशी या भागाचा संबंध उरला नसावा असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. दिंडोशीच्या लगत आरे दुग्ध वसाहत पसरलेली आहे. मुंबई शहरात दाटीवाटीने उभे असलेले म्हशींचे तबेले एका मोकळ्या जागी हलवावेत व शहरास स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली ही वसाहत वसविण्यास प्रारंभ झाला आणि १९५१ साली पंडित नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९६३ साली खुरोडी यांना व्हर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक मिळाले. वसाहतीच्या गोठ्यांत आजही म्हशी बांधलेल्या आहेत, आणि तेथील आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात भात व भाजीपाल्याची लागवड होते. म्हणजे कृषी खाते, पशुसंवर्धन खाते आणि संसद यांच्याशी या भागातील माणसाचा संबंध रोजचा आहे. मात्र तो कोणत्या दारातून जोडलेला आहे हे त्यास ठाऊक नसते.

ग्रामीण जिल्ह्यांतील शेतकऱ्यास ‘कृषी समिती’ म्हटले की जिल्हा परिषदेची विषय समिती आठवते. १९६१ च्या अधिनियमान्वये प्रत्येक जिल्हा परिषदेस कृषी समिती व पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय समिती असते. तिच्या सभापतीस भेटून बियाणे, औषधे किंवा पशुवैद्यकीय दवाखाना यांविषयी गाऱ्हाणे मांडता येते. दिंडोशीच्या पशुपालकास ही सोय नाही, कारण मुंबई उपनगर जिल्ह्यास जिल्हा परिषदच नाही. त्यामुळे वर्तमानपत्रातील ‘कृषी समिती’ हीच आपली समिती, असे मानून वसाहतीतील रस्ता, नळाचे पाणी किंवा गोठ्याचे भाडे याविषयीचा अर्ज थेट दिल्लीस धाडला, तर त्याचा काही उपयोग होणार नाही. संसदेची समिती आणि जिल्हा परिषदेची समिती यांत नामसाम्य आहे, कार्यसाम्य नाही. जिल्हा परिषदेची समिती प्रत्यक्ष कारभारात भाग घेते. संसदेच्या समितीस दैनंदिन कारभारात लक्ष घालण्याची नियमानेच मनाई आहे.

कोणता प्रश्न कोणाचा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, पशुधनाचे रक्षण व पशुवैद्यक आणि जमीन हे विषय राज्यांकडे सोपविलेले आहेत. आरे वसाहत राज्याच्या दुग्धविकास विभागाच्या अखत्यारीत असल्याने तिच्या जमिनीचे व गोठ्यांचे प्रश्न राज्य शासनाकडे व राज्याच्या विधानमंडळाकडे जातात. परंतु समवर्ती सूचीतील दोन नोंदी गोठ्यापर्यंत येऊन पोचतात. माणसे, जनावरे व पिके यांचे सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणे, ही २९ वी नोंद. आणि अन्नधान्य, तेलबिया, कापूस यांच्याबरोबर जनावरांचे खाद्य, पेंड व इतर खुराक यांचा व्यापार व पुरवठा, ही ३३ वी. सरकीचा तर या नोंदीत नावानिशी उल्लेख आहे. पेंडीचा भाव कडाडला की गोठ्यात जो विषय निघतो, तो राज्यघटनेच्या पानांवर १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीपासून या शब्दांत नमूद आहे, हे पुष्कळांस नवल वाटण्याजोगे आहे.

त्याचप्रमाणे पैशाचा ओघ पाहिला पाहिजे. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध लस टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्याचा खर्च केंद्राकडून येतो. आरेच्या गोठ्यातील म्हशीस सुई राज्याचा पशुवैद्यक टोचतो, परंतु त्या लशीची रक्कम केंद्रीय अर्थसंकल्पाच्या एका मागणीत बसलेली असते, आणि तिची छाननी संसदेची कृषी समिती करते. लस का आली नाही या प्रश्नाचे उत्तर स्थानिक दवाखान्याने द्यावयाचे. लशीसाठी ठेवलेला पैसा पुरेसा होता काय व तो खर्च झाला काय, हे समितीने विचारावयाचे. ही सीमारेषा लक्षात ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होते.

समितीचा जन्म

स्वातंत्र्यानंतर संसदेत लोकलेखा समिती व अंदाज समिती या आर्थिक समित्या कार्यरत होत्या. परंतु त्या सर्व खात्यांचा मिळून विचार करीत. एकट्या कृषी खात्याचे काम वर्षभर पाहणारी समिती नव्हती. अर्थसंकल्पी अधिवेशनात मोजक्या खात्यांच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होई आणि ठरलेल्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जात. या पद्धतीस ‘गिलोटिन’ असे नाव आहे आणि ती आजही अस्तित्वात आहे. ज्या देशात बहुसंख्य लोक शेतीवर जगत होते, त्याच्या शेतीखात्याचा खर्चही एखाद्या वर्षी या पात्याखाली यावा, हे योग्य नव्हते.

ऑगस्ट १९८९ मध्ये प्रथम तीन विषयांसाठी स्वतंत्र समित्या नेमण्यात आल्या. कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान, आणि पर्यावरण व वने हे ते तीन विषय. पहिल्या तीनांत कृषीस स्थान मिळाले ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा प्रयोग पसंत पडला आणि एप्रिल १९९३ पासून सर्व मंत्रालये व्यापणाऱ्या १७ विभागवार स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. २००४ साली त्यांची संख्या २४ झाली. यांपैकी १६ समित्या लोकसभाध्यक्षांच्या व ८ राज्यसभेच्या सभापतींच्या मार्गदर्शनाखाली चालतात. कृषी समिती पहिल्या गटात मोडते. तिच्या कार्यकक्षेत शेतकरी कल्याण, कृषी संशोधन व शिक्षण, मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय, अन्नप्रक्रिया उद्योग आणि सहकार हे विषय आले आहेत, आणि त्यास अनुसरून तिचे नावही अलीकडे ‘कृषी, पशुसंवर्धन व अन्नप्रक्रिया’ असे विस्तारले आहे.

सभासद

प्रारंभी प्रत्येक समितीत ४५ सभासद असत. २००४ साली ही संख्या ३१ करण्यात आली. त्यांतील २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. लोकसभेतील सभासदांची नावे लोकसभाध्यक्ष ठरवितात, राज्यसभेतील सभापती. व्यवहारात प्रत्येक पक्षास सभागृहातील बळाच्या प्रमाणात जागा मिळतात व पक्ष आपापली नावे सुचवितात. मंत्री समितीचा सभासद होऊ शकत नाही, आणि सभासद पुढे मंत्री झाला तर त्याचे सभासदत्व त्या दिवसापासून संपते. हा नियम फार शहाणपणाचा आहे. ज्याची तपासणी करावयाची तोच तपासनीस असू नये.

नियमांनुसार सभासदत्वाची मुदत एक वर्षाहून अधिक नसते. शेतीसारख्या विषयात एक वर्ष म्हणजे एक खरीप आणि एक रब्बी. विषय समजू लागतो न लागतो तोच समितीची पुनर्रचना होते. पुष्कळ सभासद पुन्हा नेमले जातात म्हणून काम निभावते. तथापि पद्धतीतील हा उणेपणाच म्हटला पाहिजे. ही उणीव काही अंशी सचिवालय भरून काढते. लोकसभा सचिवालयाचे अधिकारी समितीच्या दिमतीस असतात. प्रश्नावल्या तयार करणे, खात्यांकडून आलेली उत्तरे पडताळणे, साक्षींचे शब्दशः टिपण ठेवणे आणि अहवालाचा मसुदा लिहिणे ही कामे त्यांची. सभासद बदलले तरी मागील वर्षी सचिवांनी कोणते आश्वासन दिले होते, हे दप्तरात राहते.

समितीचा अध्यक्ष

समितीच्या सभासदांतूनच एकाची अध्यक्ष म्हणून लोकसभाध्यक्ष नियुक्ती करतात. निवडणूक होत नाही. चोवीस समित्यांची अध्यक्षपदे निरनिराळ्या पक्षांत वाटली जातात, त्यामुळे कृषी समितीचे नेतृत्व कधी सत्ताधारी पक्षाकडे तर कधी विरोधी पक्षाकडे राहिले आहे. १९९३ ते १९९६ या काळात नीतीश कुमार विरोधी बाकांवरून या समितीचे अध्यक्ष होते. १९९९ साली तेच केंद्रीय कृषिमंत्री झाले. पंधराव्या लोकसभेत डाव्या पक्षाचे बासुदेव आचार्य अध्यक्ष होते. सोळाव्या लोकसभेत हुकूमदेव नारायण यादव व सतराव्या लोकसभेत पी. सी. गद्दीगौडर हे दोघे सत्ताधारी पक्षाचे होते, तर सप्टेंबर २०२४ मध्ये विरोधी पक्षाचे चरणजीत सिंह चन्नी यांची नियुक्ती झाली.

अध्यक्षाचे अधिकार कागदावर फारसे मोठे दिसत नाहीत. बैठकीची तारीख ठरविणे, साक्षीदारांचा क्रम लावणे, प्रश्नांना वळण देणे, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे, इतकेच. बैठकीस एकतृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते. परंतु वर्षभरात कोणते विषय घ्यावयाचे, हे ठरविण्यात अध्यक्षाचा शब्द वजनदार असतो. आणि एकदा विषय हाती घेतला की त्यावर निरनिराळ्या पक्षांच्या ३१ जणांना एका अहवालाखाली आणणे हे त्याचेच काम. अहवाल शक्यतो सर्वसंमतीने व्हावा अशी नियमांची अपेक्षा आहे. ज्यास पटत नाही तो सभासद आपले भिन्न मत लिहून देऊ शकतो व ते अहवालास जोडले जाते. ज्या अहवालास भिन्नमतपत्रिकांचे जाड पुडके जोडलेले असते, तो शासनाने बाजूस सारणे सोपे जाते. म्हणून चांगला अध्यक्ष वादात जिंकण्यापेक्षा सहमती जमविण्यावर भर देतो.

बैठका बंद दाराआड होतात. पत्रकारांस व प्रेक्षकांस प्रवेश नसतो. यावर टीका होते, पण त्यात एक लाभही आहे. गॅलरी नसल्यामुळे सभासद पक्षाची भूमिका बाजूस ठेवून प्रश्न विचारू शकतो. पक्षादेश येथे लागू होत नाही.

एक गोष्ट मार्च २०२३ मधील. कृषी खात्याच्या मागण्या तपासताना समितीने अहवालात नोंदविले की, २०२०-२१ पासूनच्या तीन वर्षांत खात्याने मिळालेल्या रकमेपैकी सुमारे ४४,००० कोटी रुपये खर्च न करता परत केले. ईशान्येकडील राज्ये, अनुसूचित जाती आणि आदिवासी यांच्यासाठी राखून ठेवलेल्या घटकांत मागणी कमी आली, असे खात्याने कारण दिले. निधी परत करण्याची ही रीत थांबवावी, असे समितीने सांगितले. त्या वेळी समितीचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा होता. तरीही आकडा छापला गेला, आणि तो छापला गेला म्हणूनच तो सर्वांस ज्ञात आहे. पाड्यावर भात लावणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याच्या नावे ठेवलेला पैसा मागणीअभावी परत जातो, ही माहिती अन्य मार्गाने सहसा बाहेर आली नसती.

वर्षाचे कामकाज

समितीची कामे चार. अनुदानाच्या मागण्यांची छाननी, तिच्याकडे धाडलेल्या विधेयकांचा विचार, खात्यांच्या वार्षिक अहवालांची तपासणी, आणि सभागृहात मांडलेल्या दीर्घकालीन राष्ट्रीय धोरणांचा अभ्यास. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला गेला की संसदेस सुमारे तीन आठवडे सुटी असते. तीच समितीची सुगी. या काळात खात्यांचे सचिव व अधिकारी संसद भवनाच्या विस्तार इमारतीत साक्षीस येतात. मंत्र्यास साक्षीस बोलाविण्याचा प्रघात नाही. समितीस व्यक्तींना बोलाविण्याचा व कागदपत्रे मागविण्याचा अधिकार आहे. राज्याच्या सुरक्षिततेस वा हितास बाधा येईल या कारणावरून मात्र शासन एखादा कागद रोखू शकते. अर्थसंकल्पावरील अहवालात समितीस कपात सूचना सुचविता येत नाही.

अहवाल सभागृहात सादर झाल्यावरचा भाग फारसा कोणास माहीत नसतो, आणि खरे तर तोच महत्त्वाचा आहे. प्रत्येक शिफारशीवर काय केले, याचे उत्तर खात्याने तीन महिन्यांच्या आत द्यावयाचे असते. समिती त्या उत्तरांची वर्गवारी करते : मान्य झालेल्या शिफारशी, उत्तर पाहता पुढे न रेटावयाच्या शिफारशी, उत्तर न पटल्याने पुन्हा आग्रहाने मांडलेल्या शिफारशी आणि ज्यांचे अंतिम उत्तर यावयाचे आहे अशा शिफारशी. त्यावर स्वतंत्र कार्यवाही अहवाल निघतो. त्याखेरीज सप्टेंबर २००४ पासून संबंधित मंत्र्याने दर सहा महिन्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीविषयी सभागृहात निवेदन करावे, असा लोकसभाध्यक्षांचा निर्देश आहे. नियमांच्या भाषेत समितीचा अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला होय. तो बंधनकारक नाही. पण सल्ला नाकारावयाचा तर कारण लिहून द्यावे लागते आणि ते कारण छापले जाते. एखादी शिफारस ‘पुन्हा आग्रहाने मांडलेली’ या प्रकरणात आढळली की तो प्रश्न अद्याप जिवंत आहे असे समजावे.

यवतमाळची फेरी

या समितीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही एकाच प्रकरणात पाहावयाची असतील तर जनुकीय सुधारित पिकांवरील ३७ वा अहवाल पाहावा. बीटी कापसास २००२ साली लागवडीची परवानगी मिळाली व महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, तो झपाट्याने पसरला. पुढे बीटी वांग्याचा प्रश्न आला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. कृषी समितीने अन्नपिकांतील या तंत्रज्ञानाचा सर्व बाजूंनी अभ्यास हाती घेतला. तिच्याकडे ४६७ निवेदने आली. सुमारे ५० व्यक्तींच्या व संस्थांच्या साक्षी झाल्या. बियाणे कंपन्या, शास्त्रज्ञ, शासकीय अधिकारी, शेतकरी संघटना व तंत्रज्ञानाचे विरोधक या सर्वांस तिने ऐकून घेतले.

मार्च २०१२ मध्ये समिती यवतमाळ जिल्ह्यात आली. भांबराजा व मारेगाव येथे तिने कापूस उत्पादकांची गाठ घेतली. भांबराजा हे बीटी कापसाने सुखी झालेले गाव म्हणून वर्तमानपत्री मजकुरात पूर्वी वर्णिले गेले होते. प्रत्यक्षात गावकऱ्यांनी समितीपुढे गावातील आत्महत्यांची हकिकत सांगितली. दिल्लीतील प्रश्नावलीस मिळणारी उत्तरे आणि बांधावर मिळणारी उत्तरे यांत किती अंतर असते, हे या फेरीने दाखविले. समित्यांच्या अभ्यासदौऱ्यांस सहल म्हणून हिणविण्याची रीत आहे. काही दौरे तसे असतीलही. हा दौरा तसा नव्हता.

९ ऑगस्ट २०१२ रोजी अहवाल सादर झाला. निरनिराळ्या पक्षांच्या सभासदांनी तो एकमताने संमत केला होता. अशा पिकांच्या शेतातील चाचण्या थांबवाव्यात व नियंत्रणाची व्यवस्था आधी विश्वासार्ह करावी, हा त्याचा गाभा. अनेक शास्त्रज्ञांस तो पटला नाही, आणि शासनाने चाचण्या कायमच्या बंद करण्याची शिफारस मान्य केली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने जनुकीय सुधारित मोहरीच्या पर्यावरणीय प्रसारणाची शिफारस केली. तिच्यावर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तंत्रज्ञान चांगले की वाईट हा येथे विषय नाही. समितीच्या एका एकमुखी अहवालाने हुकूम सुटला नाही, पण त्यानंतर या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकास त्या अहवालास उत्तर देणे भाग पडले, एवढे निश्चित.

विधेयक समितीकडे आले नाही तर

विधेयक समितीकडे धाडावे की नाही, हे समिती ठरवीत नाही. तो निर्णय लोकसभाध्यक्षांचा किंवा राज्यसभेच्या सभापतींचा. डिसेंबर २००४ मध्ये मांडलेले बियाणे विधेयक समितीकडे आले. रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखाली तिने त्याचा विचार करून २००६ साली अहवाल दिला आणि बियाणे निकृष्ट निघाल्यास शेतकऱ्यास मिळावयाच्या भरपाईसह अनेक कलमांत बदल सुचविले. ते विधेयक पुढे कायद्याचे रूप धारण करू शकले नाही.

याउलट जून २०२० मध्ये शेतमालाचा व्यापार, करारशेती व जीवनावश्यक वस्तू यांविषयी तीन वटहुकूम निघाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती विधेयके कोणत्याही समितीकडे न जाता संमत झाली. वर उल्लेखिलेली समवर्ती सूचीतील ३३ वी नोंद हाच त्यांचा आधार सांगण्यात आला होता. शेतमाल विक्रीव्यवस्था आणि ग्रामीण आठवडी बाजार यांवर कृषी समितीने जानेवारी २०१९ मध्येच सविस्तर अहवाल दिलेला होता. म्हणजे विषय जाणणारे मंडळ हाताशी होते. कायद्यांविरुद्ध दीर्घ आंदोलन झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते तिन्ही कायदे रद्द केले. समितीकडे विधेयके गेली असती तर ते टळले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र शेतकरी संघटनांच्या साक्षी रस्त्याऐवजी बैठकीच्या खोलीत, कलमवार, झाल्या असत्या. एकंदरीने पाहता पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले.

अन्य देशांतील रीत याहून वेगळी आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात कृषी समिती १८२० पासून आहे व सिनेटमध्ये १८२५ पासून. तेथे समितीचा अध्यक्ष बहुमतवाल्या पक्षाचाच असतो. सभागृहातील बहुमत बदलले की अध्यक्षही बदलतो. समितीच्या अनेक उपसमित्या असतात व त्यांना स्वतंत्र अध्यक्ष असतात. शेतीविषयक मोठा कायदा, ज्यास तेथे ‘फार्म बिल’ म्हणतात, तो समितीतच घडविला जातो. आपल्याकडे विधेयक मंत्रालय तयार करते व समिती ते तपासते. ब्रिटनमध्ये २०१० पासून बहुतेक खातेवार समित्यांचे अध्यक्ष सभागृहातील सर्व सभासद गुप्त मतदानाने निवडतात आणि मंत्री स्वतः साक्षीस येतात. या दोन्ही रीतींतून घेण्यासारखे काही आहे. ब्रिटनमधील मंत्र्याच्या साक्षीची प्रथा तर विशेष विचारार्ह आहे. तथापि विरोधी पक्षाच्या सभासदास कृषी समितीचे अध्यक्षपद देण्याची आपली चाल अमेरिकेत आढळत नाही.

समितीस निवेदन कसे द्यावे

एखादे विधेयक किंवा विषय हाती घेतल्यावर लोकसभा सचिवालय वर्तमानपत्रांतून व संसदेच्या संकेतस्थळावरून सूचना प्रसिद्ध करून जनतेकडून निवेदने मागविते. अशी सूचना निघाली म्हणजे दिंडोशीच्या गोठेवाल्यास, आरेच्या पाड्यावरील भाजी उत्पादकास किंवा दूध विकत घेणाऱ्या गृहिणीसही आपले म्हणणे पाठविता येते. त्यासाठी संघटनेचा सभासद असण्याची अट नाही. आपल्या मतदारसंघाच्या खासदारामार्फत प्रश्न पुढे नेणे हा दुसरा मार्ग; दिंडोशीचा विभाग वायव्य मुंबई मतदारसंघात मोडतो. येथील २०२४ ची निवडणूक अवघ्या ४८ मतांच्या फरकाने निकालात निघाली होती, तेव्हा येथील मतदाराच्या पत्रास किंमत नाही असे कोणी म्हणू नये.

निवेदन लिहिताना प्रथम विषय समितीच्या कक्षेत येतो काय हे पाहावे. ‘आमच्या गोठ्यात तीन महिने लस आली नाही’ एवढेच लिहिल्यास ती स्थानिक तक्रार ठरते. तीच गोष्ट अशी मांडावी : वर्षात लशीच्या फेऱ्या किती व्हावयास हव्या होत्या, प्रत्यक्षात किती झाल्या, त्यांच्या तारखा काय, किती जनावरे आजारी पडली, दूध किती लिटरने घटले, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात कोणता बदल केल्यास हे टळेल. गोठ्यातील नोंदवहीच्या प्रती जोडाव्यात. ज्याच्याकडे नोंदवही नाही त्याने ती आजपासून ठेवण्यास हरकत नाही. विधेयकाबाबत लिहावयाचे असल्यास कलमाचा क्रमांक देऊन, त्यातील शब्द बदलून कोणते घालावेत ते स्पष्ट लिहावे. समितीच्या टेबलावर शेकडो निवेदने येतात. मोघम संताप वाचून अधिकारी पुढचे पान उलटतो, तर तारीख व आकडा असलेले वाक्य प्रश्नावलीत उतरण्याचा संभव असतो.

निवेदने सामान्यतः हिंदीत अथवा इंग्रजीत मागविलेली असतात. म्हणून मराठीत लिहिलेला मजकूर शाळेतील शिक्षकाकडून किंवा कृषी पदवीधराकडून आधी भाषांतरित करून घ्यावा. सूचनेत दिलेली मुदत कटाक्षाने पाळावी. समितीपुढे प्रत्यक्ष साक्ष देण्याची इच्छा असेल तर तसे निवेदनातच लिहावे लागते. बोलवावयाचे की नाही हे समिती ठरविते. पाठविलेले निवेदन समितीच्या दप्तराचा भाग बनते व ते गोपनीय मानले जाते. अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत त्याची प्रत वर्तमानपत्रास देणे किंवा भ्रमणध्वनीवरून गटागटांत पाठविणे हा समितीच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. पाठविणाऱ्याने एक प्रत व टपालाची पावती स्वतःजवळ जपून ठेवावी.